लेकराच्या कानाची तपासणी: दवाखान्यातून घरी नेण्याआधीपासून बालवाडीपर्यंत

दर हजार बाळांमागे एक ते तीन बाळं कानात कायमचा दोष घेऊन जन्माला येतात. बाळाकडं नुसतं पाहून ते कळत नाही. ऐकू न येणारं बाळही रडतं, हसतं, चार-पाच महिन्यांचं होईपर्यंत हुंकार देतं, आईला डोळ्यांनी आणि वासानं ओळखतं. घरच्यांना शंका येते ती दीड-दोन वर्षांनी, लेकरू बोलंना गेलं की. तोवर मेंदूनं भाषा उचलण्याचा सगळ्यात मोलाचा काळ हातातून निसटत चाललेला असतो.

मी मराठवाड्यात श्रवणतज्ज्ञ म्हणून काम करते. अडीच-तीन वर्षांचं लेकरू घेऊन आलेल्या आईबापांच्या पिशवीत पुष्कळदा जन्माच्या वेळचा कागद निघतो आणि त्यावर ‘रेफर’ लिहिलेलं असतं. म्हणजे पहिली तपासणी झाली होती, दुसरी राहून गेली. आपल्याकडं लेकरं हरवतात ती याच दोन तपासण्यांच्या मधे. म्हणून ‘काय करायचं’ याच्या इतकंच ‘कधी आणि कुणाच्या लक्षात राहून’ हे मी इथं सांगणार आहे.

जगभर पाळला जाणारा हिशेब सोपा आहे: एक महिन्याच्या आत पहिली चाळणी, तीन महिन्यांच्या आत पक्कं निदान, सहा महिन्यांच्या आत उपचार किंवा कानाचं मशीन. हा हिशेब वेगळा लक्षात ठेवायची गरज नाही, कारण लसीकरणाचं कार्ड तुमच्याकडं असतंच. जन्माच्या लसीसोबत पहिली तपासणी, दीड महिन्याच्या लसीसोबत दुसरी, आणि साडेतीन महिन्यांच्या लसीपर्यंत निदान हातात, असं धरून चाला.

पहिली पायरी: सुट्टी व्हायच्या आधी

पहिलं बाळंतपण माहेरी होतं. सासर परळीकडं, माहेर जिंतूरकडं. घरी गेल्यावर सव्वा महिना बाळ-बाळंतीण उंबरठा ओलांडत नाहीत, आणि मग सासरी पाठवणी होते. या सगळ्यात ‘महिनाभरात या’ म्हणून दिलेली तारीख कोण पाळणार? त्यामुळं दवाखान्यातून सुट्टी होण्याआधीच सिस्टरला किंवा बालरोग डॉक्टरांना विचारा, “बाळाची ओएई झाली का?” एवढं विचारलं तरी पुरतं.

ओएई म्हणजे कानात मऊ टोकाची छोटी नळी ठेवून बारीक आवाज सोडतात. आतला कान ठणठणीत असेल तर तो स्वतःही अगदी सूक्ष्म आवाज परत सोडतो, आणि तोच मशीन टिपतं. सुई नाही, औषध नाही, दोन्ही कानांचं मिळून काही मिनिटांचं काम. बाळ झोपलेलं किंवा दूध पिऊन शांत पडलेलं असावं. कान टोचलेले असले तरी हरकत नाही.

निकाल दोनच प्रकारे येतो, ‘पास’ किंवा ‘रेफर’. रेफर म्हणजे बहिरं नव्हे. जन्मानंतरच्या पहिल्या एक-दोन दिवसांत कानाच्या नळीत गर्भातला चिकट थर नाहीतर पाणी असतं, त्यानं आवाज आत पोचत नाही. शिवाय खोलीत गलका असेल, बाळ चुळबुळ करत असेल तरी रेफर येतं. म्हणूनच शक्य असेल तर तपासणी पहिल्या दिवशी न करता सुट्टीच्या दिवशी करून घ्यावी. घाबरून रडारड करायचं कारण नाही. पण कागद घडी करून उशीखाली ठेवायचाही नाही. एकच कान रेफर आला असेल तरी पुन्हा तपासणी करावीच लागते. ‘दुसऱ्या कानानं ऐकतंय की’ म्हणून सोडून देऊ नका.

तालुक्याच्या दवाखान्यात किंवा खासगी नर्सिंग होममध्ये मशीन नसेल तर जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. जिल्ह्याच्या ठिकाणच्या ‘जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रा’त, म्हणजे कर्मचारी ज्याला ‘डीईआयसी’ म्हणतात तिथं, लहान मुलांच्या अशा तपासण्यांची सोय अपेक्षित असते. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे कान-नाक-घसा विभाग हा दुसरा रस्ता: छत्रपती संभाजीनगरचं घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, लातूर आणि नांदेडचं विष्णुपुरी. निघण्याआधी फोन करून ‘मशीन चालू आहे का, कोणत्या वारी करतात’ हे विचारून घ्या. लेकरू कडेवर घेऊन एसटीनं सत्तर-ऐंशी किलोमीटर जायचं आणि ‘आज मॅडम सुट्टीवर आहेत’ ऐकून परत यायचं, हे एकदा झालं की माणसं दुसऱ्यांदा जात नाहीत.

कुणासाठी नुसती ओएई पुरत नाही

बाळ काचेच्या पेटीत, म्हणजे नवजात शिशू कक्षात पाच दिवसांहून जास्त राहिलं असेल. दीड किलोहून कमी वजनाचं असेल. जन्मल्यावर लवकर रडलं नसेल. कावीळ इतकी वाढली असेल की रक्त बदलावं लागलं. मेंदूज्वर झाला असेल. जेंटामायसिन, अमिकासिन यांसारखी इंजेक्शनं जास्त दिवस चालली असतील. गरोदरपणात आईला रुबेला किंवा सीएमव्ही या विषाणूंचा संसर्ग झाला असेल. कानाची पाळी किंवा तोंडाची ठेवण जन्मतः वेगळी असेल. किंवा घराण्यात कुणी लहानपणापासून बहिरं असेल, तर त्या बाळाची ओएई पास आली तरी ‘बेरा’, म्हणजे आवाज नसेतून मेंदूकडं पोचतो का हे पाहणारी तपासणी, मागून घ्या. कारण असं की ओएई फक्त आतल्या कानाची पारख करते. कानापासून मेंदूकडं जाणारी नस नीट काम करते की नाही हे तिला कळत नाही. जास्त कावीळ झालेल्या बाळात नेमका नसेचाच दोष असू शकतो. ओएई पास असते आणि तरी बाळाला बोलणं उमजत नाही.

नात्यातल्या लग्नाबद्दल स्पष्ट बोलायला हवं. मामाची मुलगी करण्याची रीत आपल्याकडं काही समाजांत अजून आहे. जन्मजात बहिरेपणाच्या बऱ्याच प्रकारांत आई आणि वडील दोघांनाही छान ऐकू येतं, पण दोघांकडंही तोच एक सदोष जनुक लपलेला असतो. असं जोडपं असेल तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक एवढी शक्यता असते. नात्यातल्या माणसांकडं तोच जनुक असण्याचा संभव जास्त, एवढाच त्याचा अर्थ. सून ग्रहणात बाहेर पडली म्हणून, तिनं काही खाल्लं म्हणून असं झालं, हे मी आजही ऐकते आणि प्रत्येक वेळी सासूबाईंना समोर बसवून हाच जनुकाचा हिशेब समजावते. त्यात वाटा दोघांचा सारखा असतो आणि दोष कुणाचाच नसतो. पहिलं लेकरू बहिरं असेल तर दुसऱ्याची तपासणी जन्मल्यावर लगेच करा, मग ते कितीही दचकत असलं तरी.

दुसरी पायरी: रेफरचा कागद आणि दीड महिन्याची लस

कागद हरवू नये म्हणून तो माता व बाल संरक्षण कार्डालाच टाचून टाका. दोन्ही बाजूंचे फोटो बाळाच्या वडिलांच्या मोबाइलमध्येही ठेवा. आशाताई बाळाच्या जन्मानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. त्यांना पहिल्याच भेटीत कागद दाखवा. सासरी गेल्यावर तिथल्या आशाताईंनाही दाखवा, कारण माहेरच्या गावची नोंद सासरच्या गावी आपोआप जात नाही. ४२ वा दिवस म्हणजे दीड महिन्याच्या लसीचाच सुमार. लस घेतली की त्याच आठवड्यात दुसरी ओएई. तीही रेफर आली तर पुन्हा तिसरी-चौथी ओएई करत बसू नका. बेराची तारीख घ्या.

जन्माच्या वेळी तपासणी झालीच नसेल, तर आज बाळ कितीही महिन्यांचं असो, आज सुरुवात करा.

एक गोष्ट मात्र करू नका. ताट वाजवून, फटाका फोडून, दार आपटून घरीच निकाल लावू नका. ताट पडलं की जमिनीतून हादरा जातो, दार आपटलं की वारा लागतो, कुणी हात हलवला तर सावली दिसते, आणि बाळ वळून बघतं. दुसरं असं की काही लेकरांना मोठे आवाज ऐकू येतात, पण बोलण्यातले ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘त’ ऐकू येत नाहीत. असं लेकरू ट्रॅक्टरला वळतं, कुत्र्याला वळतं, आणि तरी बोलायला शिकत नाही.

घरी पाहायचंच असेल तर हे पाहा: पहिल्या तीन महिन्यांत मोठ्या आवाजानं दचकतं का, सहाव्या महिन्यापर्यंत आवाजाच्या दिशेनं मान वळवतं का, नवव्या महिन्याच्या आसपास नावानं हाक मारल्यावर बघतं का, ‘बाबाबा, दादादा’ करतं का, वर्षाचं झाल्यावर एखादा शब्द अर्थानं म्हणतं का, दोन वर्षांला ‘मम्मी ये’, ‘पाणी दे’ असे दोन शब्द जोडतं का. यातलं एखादं नसलं तर तपासणीला न्या. सगळं असलं, तरी कागदावर रेफर असेल तर तपासणी टळत नाही. “याचा बाप बी चार वर्सांचा हुईस्तोवर बोलला नव्हता” हे वाक्य मी इतक्या प्रेमानं म्हटलेलं ऐकलंय की रागावताही येत नाही. पण बापाचे कान कुणी तपासले नव्हते आणि लेकराचे आज तपासता येतात. जिभेखालची तार कापल्यानं ऐकू येत नाही. कानात कोमट तेल सोडल्यानंही नाही, उलट त्यानं कानात बुरशी धरू शकते.

तिसरी पायरी: बेराचा दिवस

बेरामध्ये कपाळावर आणि दोन्ही कानांमागं छोट्या वायरी चिकटवतात, कानात आवाज सोडतात, आणि तो आवाज नसेतून मेंदूकडं पोचताना उठणाऱ्या लहरी संगणक रेखाटतो. दुखत काहीच नाही. अडचण एकच: बाळ गाढ झोपलेलं हवं आणि ती झोप पाऊण तास-तासभर टिकायला हवी.

आपल्याकडं होतं काय, तर लेकरू एसटीत बसल्या बसल्या झोपतं, गाडीच्या हेलकाव्यात दोन तास निवांत झोपतं, आणि दवाखान्यात उतरलं की टक्क जागं होतं. मग दिवसभर डोळा लागत नाही. म्हणून त्या सकाळी बाळाला नेहमीपेक्षा लवकर उठवा आणि वाटेत जागं ठेवा. खिडकी दाखवा, गाणी म्हणा, कडेवर घेऊन उभं राहा. सोबत आईशिवाय एक तरी माणूस हवा, कारण केसपेपरच्या रांगेत उभं राहणं आणि लेकराला जागं ठेवणं एकटीला जमत नाही. आत बोलावण्याच्या जरा आधी दूध पाजा, कोरडं दुपटं गुंडाळा, घरची मऊ गोधडी घेऊन या.

त्या दिवशी टाळूला, डोक्याला, कानात तेल घालू नका. तेलकट कातडीवर वायर चिकटत नाही आणि लहरींऐवजी नुसती खरखर येते. कपाळावरची काजळाची मोठी तीट नेमकी वायरीच्या जागी येते. मग ती पुसताना बाळ जागं होतं. दृष्ट लागू नये म्हणून लावायचीच असेल तर त्या दिवशी तळपायाला लावा. हातातल्या घुंगरांच्या मनगट्या काढून ठेवा. खोलीत सगळ्यांचे मोबाइल बंद करा, नुसते सायलेंट नव्हे.

तीन-चार महिन्यांपर्यंतचं बाळ बहुधा दूध पिऊन आपसूक झोपतं. मोठ्या लेकराला झोपेचं औषध द्यावं लागतं. ते दवाखान्यात, वजन करून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचं. मेडिकलमधून बाटली आणून वाटेत पाजू नका. औषध द्यायचं असेल तेव्हा आधी किती वेळ काही खाऊ-पिऊ घालायचं नाही हे तारीख घेतानाच विचारून घ्या. सर्दी, ताप, खोकला असेल तर फोन करून तारीख पुढं ढकला, पण पुढची तारीख घेऊनच फोन ठेवा.

बेरासोबत बहुतेक ठिकाणी कानाच्या पडद्यामागं पाणी साचलंय का हेही पाहतात, त्याला टिम्पॅनोमेट्री किंवा इम्पिडन्स म्हणतात. पाणी असेल तर आधी त्यावर उपचार होतात आणि मग बेरा पुन्हा करतात.

रिपोर्ट कसा समजून घ्यायचा

कागदावर प्रत्येक कानासमोर डेसिबलमध्ये एक आकडा असतो: किती मोठा आवाज दिला तेव्हा लहर उठली तो. आकडा लहान तितकं ऐकणं चांगलं. तीसच्या आत असेल तर साधारण ठीक. कुजबुज तीसच्या आसपास असते, आपलं रोजचं बोलणं साठच्या आसपास. म्हणजे सत्तर आकडा आलेल्या लेकराला जवळ बसून मारलेल्या गप्पाही नीट पोचत नाहीत. दोन्ही कानांचं ऐकणं साठ डेसिबल किंवा त्याहून जास्त कमी असेल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ते श्रवण दिव्यांगत्वात मोडतं. त्याचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, लवकर काढा, पुढच्या प्रत्येक योजनेला ते लागतं.

‘नव्वदलाही लहर नाही’ असं लिहून आलं की बाहेर कुणीतरी ‘ठार बहिरं आहे’ म्हणून मोकळं होतं. तसं समजू नका. नेहमीची बेरा मुख्यतः उंच पट्टीच्या आवाजांचा अंदाज देते. खालच्या पट्टीचं थोडं ऐकणं शिल्लक असू शकतं. ते शोधायला एएसएसआर नावाची तपासणी करतात आणि मशीन लावून बघतात. एका कागदावर लेकराचं आयुष्य ठरत नाही.

बालवाडीच्या वयाची मुलं

सहा महिन्यांपासून अडीच वर्षांपर्यंतच्या लेकराला आईच्या मांडीवर बसवून बाजूनं आवाज देतात. ते वळलं की दिवा लागलेलं खेळणं दिसतं. अडीच ते पाच वर्षांच्या मुलासोबत खेळत तपासणी होते: कानाला हेडफोन, ‘टुक’ ऐकू आलं की एक ठोकळा डब्यात. ही तपासणी बिघडते ती कान खराब म्हणून नव्हे, तर लेकरू हेडफोनला बुजतं म्हणून. आठवडाभर आधी घरी सराव करा. लेकराला पाठमोरं बसवा, हळूच टाळी वाजवा, ऐकू आली की ठोकळा टाकायचा. आठवडाभरात ते तरबेज होतं आणि आमच्याकडं अर्ध्या वेळात अचूक निकाल मिळतो.

२०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. त्या दिवशी लेकराला पाठवाच आणि अंगणवाडीताईंना आधी सांगून ठेवा की हाकेला ओ देत नाही, टीव्ही मोठ्यानं लावतो, कान वाहतो. कान वाहणं किरकोळ नाही. वाहून वाहून पडद्याला भोक पडतं, ऐकणं कमी होतं, आणि शाळेत त्याच लेकराला ‘लक्ष देत नाही’ म्हणून मागच्या बाकावर बसवतात.

मेंदूज्वर झालेल्या लेकराची तपासणी मात्र दवाखान्यातून सुट्टी होतानाच करा. या आजारानंतर आतल्या कानात हाड भरू लागू शकतं आणि मग कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेनं आतल्या कानात बसवायचं यंत्र, बसवणं अवघड होतं. तिथं महिन्यांचा नव्हे, आठवड्यांचा प्रश्न असतो.

निदान झालं, आता पुढं

कानाचं मशीन दोन-तीन महिन्यांच्या बाळालाही बसतं. त्यासाठी कानाचा साचा घेतात. बाळाचा कान झपाट्यानं वाढतो, त्यामुळं पहिल्या वर्षात साचा पुन्हा पुन्हा बदलावा लागतो. सैल साचा शिट्टी मारू लागतो. शिट्टी आली की मशीन काढून डब्यात ठेवू नका, नवीन साच्यासाठी या. मशीन जागेपणी पूर्ण वेळ हवं आणि त्यासोबत वाचा-उपचार. नुसत्या मशीननं लेकरू बोलत नाही. दिवसभर त्याच्याशी तोंड समोर ठेवून बोलावं लागतं: भाकरी थापताना, अंघोळ घालताना, शेळीला पाला टाकताना.

मशीननं पुरेसं ऐकू येत नसेल तर कॉक्लिअर इम्प्लांटचा विचार होतो. दिव्यांगांना साधनं पुरवणाऱ्या केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून ते मोफत मिळू शकतं, पण जन्मतः बहिऱ्या लेकरासाठी पाच वर्षांचं वय ही महत्त्वाची सीमा आहे. कागदपत्रांना, तपासण्यांना, रांगेला वेळ लागतो; म्हणून चौथ्या वर्षी नव्हे, पहिल्या वाढदिवसाआधीच अर्जाचं बघा. मुंबईत बांद्र्याला १९८३ पासून असलेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था या सगळ्यात मार्गदर्शन करते. आपल्याकडून देवगिरी एक्स्प्रेसनं रात्री निघालं की सकाळी पोचता येतं. होकार देण्याआधी विचारा की बाहेरचा भाग, वायर, बॅटरी बिघडली तर दुरुस्ती कुठं आणि खर्च कुणाचा. शस्त्रक्रियेनंतरही काही वर्षं थेरपी लागते. आणि लेकरासोबत घरच्यांनी भारतीय सांकेतिक भाषा शिकली तर त्यात काही गमवत नाही. ती पूर्ण भाषा आहे, लेकराला मनातलं सांगायला तिची मदतच होते.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांसाठी शेवटचं. दिवाळीच्या सुमारास टोळी निघते ती उन्हाळ्याच्या तोंडावर परत येते, आणि साचा बदलायचा, थेरपीचा काळ नेमका त्यातच सापडतो. निघण्याआधी आपल्या श्रवणतज्ज्ञांकडून बेराचा रिपोर्ट, मशीनचं सेटिंग लिहिलेला कागद आणि पुढच्या तपासणीची तारीख घ्या. सगळ्या हंगामाला पुरतील इतक्या बॅटऱ्या आणि मशीन कोरडं ठेवायची डबी सोबत ठेवा. खोपीत ओल असते, पाचटाची धूळ असते. रात्री मशीन उघड्यावर न ठेवता त्या डबीत बॅटरीचं झाकण उघडून ठेवा. कारखाना कोल्हापूर, सांगलीकडं असो की सोलापूरकडं, जवळच्या जिल्हा रुग्णालयात कागद दाखवून पुढचं काम मागता येतं. बाळाला आजीजवळ गावी ठेवून जाणार असाल तर कागद, मशीन आणि तारीख तिन्ही आजीच्या हवाली करा, आणि मशीन कसं घालायचं ते तिच्याच हातानं आमच्यासमोर एकदा घालून घ्या.